शेणकिड्याचा चेंडू

एका जंगलात, बाळांनो, गोल्फचं मैदान होतं. जंगलात गोल्फ कशाला, असं विचारू नका. मोठ्यांना असले प्रश्न विचारले की ते चिडतात.

मैदान वाघोबांच्या आजोबांनी काढलं होतं. खड्डा खणणं वाघाला शोभत नाही, म्हणून त्यांनी एका उंदरिणीच्या बिळाशेजारी झेंडा रोवला आणि जाहीर केलं, "चेंडू यात घालायचा." उंदरीण घाबरली नाही. तिने आजोबांना खेळताना पाहिलं होतं.

नियम कडक होते. दांडा आजोबांच्या शेपटीएवढाच हवा, चेंडू सागरगोट्यासारखा टणक हवा. त्यामुळे चेंडू झाडीत जायचा, तळ्यात जायचा, बिळात काही जायचा नाही. उंदरांच्या पिढ्या आत सुखाने नांदल्या. सभासद मात्र कंटाळून गळत गेले. शेवटी उरले अध्यक्ष वाघोबा आणि चिटणीस कोल्होबा. मैदानात तरोट्याचं तण माजलं.

"साहेब, हौशी मंडळी आली पाहिजेत," कोल्होबा म्हणाले. "त्यांना हरायला आवडत नाही. हरायला घर आहेच की."

त्यांनी नवा चेंडू आणला. शेणाचा, आणि प्रत्येक चेंडूसोबत एक शेणकिडा. चेंडू कुठेही मारा, किडा तो ढकलत ढकलत बिळात नेणारच.

"हा नियमात बसतो का?" वाघोबांनी विचारलं.

"नियमात सध्या आपण दोघंच बसतोय, साहेब."

रविवारी झुंबड उडाली. अस्वल, रेडा, रानडुकरं, सगळे पहिल्याच फटक्यात अजिंक्य! आता बिळात राहत होती त्या उंदरिणीची नात, ठमाबाई. तिची पिल्लं इतकी लहान, की अजून डोळेही उघडले नव्हते. त्यांच्या अंगावर चेंडूमागून चेंडू येऊ लागले. एक तर धाकट्याच्या उशालाच आदळला.

ठमाबाई धावत अध्यक्षांकडे गेली. "साहेब, माझी पोरं चेंगरतील हो!"

"बाई, मैदानावरच्या बिळात राहणंच मुळात नियमबाह्य आहे."

"तुमच्या आजोबांनी झेंडा रोवला, तेव्हा माझी आजी आत भाकऱ्या थापत होती!"

"मग तेव्हाच तक्रार करायची," वाघोबा म्हणाले.

ठमाबाई घरी आली. जीव खाऊन तिने एक धोंडा ढकलला आणि दार बंद केलं. स्वतः मागच्या वाटेने ये-जा करू लागली.

पुढच्या रविवारी अस्वलाचा चेंडू धोंड्याला अडला. किडा रेटून रेटून दमला. अस्वल भडकलं.

"चेंडू जाणार म्हणून बोलावलंत ना? आमचा पोपट केलात होय!"

त्याने धोंडा उपटायला पंजा उगारला. ठमाबाई टुणकन धोंड्यावर चढली.

"अस्वलदादा, चेंडू आत घालून तुम्हाला काय लोणचं घालायचंय? 'गेला' एवढंच ऐकायचंय ना? मग गेला!"

आणि तिने टाळ्या वाजवल्या. अस्वल विचारात पडलं.

"परत म्हण."

"गेला! वा दादा, वा!"

अस्वलाने पंजा खाली घेतला. त्याचे डोळे पाणावले होते. असं कौतुक त्याच्या घरी कोणी केलं नव्हतं.

कोल्होबांनी लगेच नियम केला : चेंडू बिळाजवळ आला की गेला. मग, नुसता मारला तरी गेला. मग, मनात आला तरी गेला. मंडळी क्लबच्या ओट्यावर बसून भजी खाऊ लागली आणि अजिंक्य होऊन घरी जाऊ लागली. सभासद मावेनात. शेणकिडे आपापल्या धंद्याला लागले.

एका सकाळी वाघोबांना राहवलं नाही. त्यांनी आजोबांचा दांडा काढला, टणक चेंडू ठेवला आणि मारला. जन्मात पहिल्यांदा चेंडू सरळ गेला, आणि टक्कन धोंड्यावर आपटला. वाघोबा आनंदाने डरकाळी फोडणार, तोच कोल्होबा धापा टाकत आले.

"साहेब, दांडा लपवा! हा आता नियमात बसत नाही. मंडळींनी पाहिलं तर त्यांना किती वाईट वाटेल!"

वाघोबांनी मुकाट्याने दांडा गवतात टाकला आणि ते ओट्यावर भजी खायला गेले.

धोंड्याच्या आवाजाने बिळातली पिल्लं जागी झाली. त्यांचे डोळे आता उघडले होते.

"आई, बाहेर काय आहे?"

"मैदान."

"तिथे काय करतात?"

"टाळ्या वाजवतात," ठमाबाई म्हणाली. "झोपा आता."

तात्पर्य : खेळ लोकप्रिय करायचा असेल, तर आधी त्यातला खेळ काढून घ्यावा. सगळे जिंकतात, उंदीरही सुखी होतात. ज्याला खरोखरच खेळावंसं वाटतं, त्याने तेवढं कोणाच्या नजरेस न पडता खेळावं.