विमलआक्का जागा बघतात

राजवाडा असो, किल्ला असो, नाहीतर एखादा मकबरा, विमलआक्का आत पाऊल टाकतात आणि पहिलं विचारतात, "चूल कुठं मांडायची?"

प्रश्न कुणा एकाला नसतो. कमानीला असतो, भिंतीला असतो, कधी दारावरच्या रखवालदाराला असतो. मग पदर खोचून त्या जागा बघायला लागतात, आपण भाड्याचं घर बघतो तशी. वारा कुठून येतो, धूर कुठून जाईल, न्हाणीचं पाणी कुठं काढायचं. सगळं फिरून झालं की निकाल. "घ्यायजोगी हाय" किंवा "घ्यायजोगी न्हाई." शेकडो वर्षं ऊनपाऊस खात उभ्या राहिलेल्या इमारती त्या क्षणी मला फार केविलवाण्या वाटतात.

आक्का आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडं दोन खोल्यांत राहतात. एकट्या. मूळच्या पाथर्डीकडच्या. तरुणपणी नवराबायको दरसाल ऊस तोडायला जायची. दर हंगामाला नवा मुलूख, नवा फड, आणि अंधार पडायच्या आत पाचटाची कोपी, म्हणजे खोपट, उभी करून चूल पेटवायची. पुढं नवऱ्याला नगरात रखवालदारी मिळाली आणि कोयता सुटला. आता नवरा नाही. आक्का मंगल कार्यालयात चपात्या लाटतात आणि उरलेल्या वेळात माझी गाडी कुठं निघाली यावर लक्ष ठेवतात.

यंदा दिवाळी झाल्यावर त्यांच्या गावाकडच्या पुतण्यानं आपली मुलगी, सोनी, शाळेसाठी आक्कांकडं ठेवली आणि तो बायकोला घेऊन बेलापूरकडं उसाच्या फडावर गेला. बोली अशी झाली की संक्रांतीपर्यंत बघायचं. पोरगी रमली तर राहील. नाही रमली तर बाप येऊन घेऊन जाईल, मग शाळा बंद आणि फडावर धाकट्या भावाला आणि बकरीला सांभाळणं सुरू.

पोरगी रमली नाही. शाळेत जायची, यायची आणि पायरीवर बसायची. जेवायला हाक मारली तर "मला न्हाई." टीव्ही लावला तर "मला न्हाई." आक्का वरून काही दाखवत नव्हत्या, पण त्यांच्याकडून आमच्याकडं येणारी कालवणाची वाटी बंद झाली. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कुनासाठी करायचं? ती पोर तोंडाला लावीना."

इथं मी शिरलो. माणसं आपापली दुःखं नीट सोसत असताना मधे एखादी योजना मांडायची, ही माझी जुनी खोड.

"पोरीला इतिहास दाखवू," मी म्हणालो. "शहराचा लळा लागेल."

मी पतसंस्थेत नोकरी करतो. इतिहासावर माझा अधिकार शून्य, पण गाडी माझी असल्यामुळं गाईडही मीच. आदल्या दिवशी मोबाईलवर वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी ते बाळकडूतून मिळाल्यासारखं सांगायचं. बायको म्हणते, "तुमची व्याख्यानं ऐकूनच निजामशाही बुडाली असणार." रविवारी ती घरी थांबते.

पहिल्या रविवारी फराहबख्श महाल. सोनी गाडीतून उतरलीच नाही. काच वर करून बसली. मी मात्र कमानीखाली उभा राहून आक्का एकट्यांना सांगितलं की इथं भोवती तळं होतं, मधोमध महाल, काय ते वैभव.

"चारी बाजूनी पानी?" आक्का म्हणाल्या. "शेजार न्हाई म्हना की. मीठ संपलं तर कुनाकडं जायचं?"

मी सांगितलं, पहिल्यांदा बांधलेला महाल सुलतानाला पसंत पडला नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधला असं म्हणतात.

"ओटा खाली झाला आसंल," आक्का म्हणाल्या. "कंबर जाती."

पुढच्या रविवारी भुईकोट किल्ला. या खेपेला सोनी उतरली, पण जिथं स्वातंत्र्याच्या चळवळीतले पुढारी कैदेत होते त्या खोल्यांच्या दाराशीच बसकण मारली. "मला न्हाई यायचं आत."

मी समजावणीच्या सुरात सुरुवात करणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "बस. कुनी आलं तर सांग, आत मानसं हायेत म्हनून."

मी आत गेलो आणि एका खोलीसमोर उभा राहून त्याग, देशप्रेम, तुरुंगवास यांवर मनापासून बोललो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पलीकडून रखवालदार म्हणाला, "साहेब, ते गोडाऊन आहे. खोल्या इकडं."

आक्कांना खोल्या फार आवडल्या. "उजेड हाय. पडवी हाय. बाहीरनं कडी हाय तेवढी काढून घ्यायची, का झालं घर." आजवरच्या पाहणीत त्यांनी "घ्यायजोगी" असा शेरा दिलेली पहिली वास्तू म्हणजे तुरुंग.

बाहेर आलो तर दारात पुण्याचं एक कुटुंब उन्हात ताटकळत उभं. सोनीनं त्यांना अडवून ठेवलं होतं. "आत मानसं हायेत," ती निर्विकारपणे सांगत होती. टोपीवाले गृहस्थ मला म्हणाले, "तुमचं आवरलं का? आम्ही आत जाऊ शकतो?" मी आयुष्यात प्रथमच किल्ल्याच्या वतीनं परवानगी दिली.

परतीच्या वाटेवर सोनीनं आपण होऊन एक प्रश्न विचारला. "त्या खोल्यांत बकरी बांदून देत्यात का?" मला वाटलं, जिंकलो. घरी पोचल्यावर ती परत पायरीवर जाऊन बसली.

असं करत संक्रांतीच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी बापाचा फोन येणार होता. आक्का सकाळपासून फोन मुठीत धरून होत्या. मी म्हटलं, आज काहीतरी दांडगं दाखवू, आणि अख्ख्या जिल्ह्यातून नेमका चांदबिबीचा महाल निवडला. नावाला महाल, पण तो मकबरा आहे आणि तोही चांदबिबीचा नाही, हे सगळं मी नीट पाठ केलं होतं. डोंगराखालून जाणारा रस्ता पाथर्डीचा आहे आणि तिकडचे ऊसतोडीचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं फडावर जातात, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. त्या रस्त्यानं मी कित्येकदा गेलेलो आहे.

आक्कांनी आत शिरल्या शिरल्या मान हलवली. "आठ कोपरं. कपाट एकाबी कोपऱ्यात बसायचं न्हाई."

"आक्का, खाली थडगी आहेत," मी म्हणालो.

"आसू द्या. खालच्या मजल्यावर शांत मानसं बरी."

अरुंद जिन्यानं वर गेलो. सोनी आमच्या आधीच कमानीशी जाऊन उभी होती. मी खूश झालो. पोरगी स्वतःहून बघतेय. जवळ जाऊन विचारलं, "काय दिसतंय गं?"

"ह्याच रस्त्यानं गेली," ती म्हणाली.

"कोण?"

"आई. ट्रॅक्टरात."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मी घाबरून "ही इमारत बघ, तीन मजली, अष्टकोनी" असं काहीतरी सुरू केलं. दगडाचा रंगसुद्धा सांगितला, जो तिला दिसत होता.

आक्का आल्या. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मला वाटलं आता समजूत काढतील. नवा फ्रॉक, तिळाचे लाडू, शाळा किती चांगली. तसं काही नाही. त्या फरशीवर बसल्या आणि हातानं जागा झाडली.

"वारा बरा हाय हितं," त्या म्हणाल्या. "हितं तुजी आई निजंल. दमून येती ती, तिला वारा पायजे. बाप तिकडं भिताडाकडंला. घोरतो लई."

"लईच घोरतो," सोनी नाक ओढत म्हणाली.

"तू आईपशी. बारकं तुज्या बगलंत. बकरी खाली, थडग्यापशी."

"खाली नको. भेती ती."

"मग जिन्यात बांदू."

सोनी खाली बसली. थोडा वेळ तिनं त्या दगडी दालनाकडं बघितलं, कोण कुठं झोपलंय ते मोजल्यासारखं.

"आन् तू?"

"मी? मी दारात. माजं काय, पोतं टाकलं की झालं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतके महाल बघितले, पण आक्कांनी एकाही ठिकाणी स्वतःची जागा लावली नव्हती. चूल लावली, न्हाणी लावली, माणसं लावली. आपण कुठं निजायचं ते कधी बोलल्या नव्हत्या.

"दारात नको," सोनी म्हणाली. "गार लागंल. तू माज्या हिकडनं नीज. मी मदी."

सुलतानाच्या ओट्याची उंची काढणाऱ्या आक्का तिच्या बाजूला सरकल्या. त्यांनी नुसतं फरशीवर परत एकदा हात फिरवला.

आणि आक्कांचा फोन वाजला. त्यांनी तो सोनीच्या हातात दिला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून मलाही ऐकू आलं. बाप विचारत होता, "काय गं सोने, यिऊ का न्यायला? उद्या मुकादमाची गाडी हाय नगरला."

आक्का कमानीबाहेर बघत राहिल्या. पोरीकडं एकदासुद्धा बघितलं नाही. मला त्यांचा राग आला. आता तरी बोला, ओढा तिला, असं वाटत होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले होते.

"न्यायला नको," सोनी म्हणाली.

"मग?"

"उन्हाळ्यात पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की या. समदी. आमी जागा बगितलीया."

"कसली जागा?"

"महालात."

"आक्काला दे," बाप म्हणाला.

आक्कांनी फोन घेतला. "व्हय... जेवती की... शाळंत जाती... न्हाई रं बाबा, घेतला न्हाई महाल. बगून ठिवलाय निस्ता." फोन बंद करून त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि पोरीला म्हणाल्या, "चल. उद्या शाळा हाय."

तो जिना एका वेळी एकच माणूस उतरेल असा. शहाण्या माणसानं पुढंमागं उतरावं. या दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही. आडव्या होऊन, भिंतीला पाठ घासत, एकेक पायरी. माझ्यामागं कॉलेजातल्या पोरांचा घोळका येऊन तुंबला.

"काका, चला की पुढं," एक जण म्हणाला.

"दम धरा," मी म्हणालो. "पुढं एक बिऱ्हाड उतरतंय."