नाखवांचा आयतवार

आमच्या कंपनीत चेकवर सही होते ती भरतीच्या वेळी. खाडीला पाणी चढत असेल तर सही, ओहोटी लागली की पेन खिशात. ओहोटीला सोडलेला पैसा सगळाच वाहून जातो, असं आमच्या अकाउंट्सचे प्रमुख हरेश्वर कोळी यांचं म्हणणं आहे आणि त्यांच्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. आम्हाला माल देणारे व्यापारी आता फोन करून बिलाचं विचारत नाहीत, पाण्याचं विचारतात. एका कागदवाल्याने तर भरती-ओहोटीचं वेळापत्रकच दुकानात लावून ठेवलंय.

कोळीसाहेब बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे. घरच्या होड्या होत्या, म्हणून सगळे त्यांना नाखवा म्हणतात. हा नाखवा होडीत मात्र बसत नाही, कारण होडी हलली की त्याला उलट्या होतात. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसतात.

आमची कंपनी पुठ्ठ्याचे खोके बनवते. तुर्भ्याच्या एका शेडमध्ये सुरू झाली, मग तळोज्याला गेली, मग भिवंडीला. सगळं वाढलं, वाढली नाही ती हिशेबाची सिस्टिम. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. नाखवा तिला म्हातारी म्हणत. म्हातारीत एका वेळी एकच माणूस शिरू शकायचा. बाकीचे लग्नघरातल्या न्हाणीघराबाहेर थांबावं तसे ताटकळत थांबत. भिवंडीचे आकडे व्हॉट्सॲपवर फोटो काढून यायचे आणि नाखवा ते एका बोटाने चढवायचे. शेठना मागच्या महिन्याचा नफा कळेपर्यंत हा महिना संपत आलेला असे.

हे सगळं बदलायचं काम माझ्याकडे आलं, त्यात माझ्या लायकीचा काही संबंध नव्हता. एका मीटिंगमध्ये मला डुलकी लागत होती. जागा आहे हे दाखवायला मी 'क्लाउडवर टाकूया' एवढंच बोललो. शेठ खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी नव्या सिस्टिमचा प्रमुख होतो. मला ट्रेनिंगला पाठवलं. एका हॉटेलात दोन दिवस पनीर खाल्लं आणि एक बॅग, एक पाण्याची बाटली आणि 'चेंज मॅनेजमेंट' हा शब्द घेऊन परत आलो. बायको म्हणाली, बाटली चांगली आहे.

मग मी सगळ्यांसमोर नवी सिस्टिम उलगडून दाखवली. शेवटची स्लाइड माझी विशेष लाडकी होती. जुन्या सिस्टिममध्ये दर रविवारी कोणीतरी ऑफिसात येऊन सगळ्या डेटाची कॉपी काढून कपाटात ठेवावी लागायची. हे काम नाखवाच करत, वर्षानुवर्षं. नव्या सिस्टिममध्ये ते आपोआप होणार होतं. म्हणून मी स्लाइडवर उगवता सूर्य टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'नाखवांना रविवारची सुट्टी परत!' टाळ्या पडल्या. नाखवांनी टाळी वाजवली नाही. हाताची घडी घालून त्यांनी विचारलं, "बराबर हाय. पन आयतवाराचं काय?"

आयतवार म्हणजे रविवार एवढं मला समजलं, आणि तेवढंच समजलं. मला वाटलं, यांचा आपोआप होणाऱ्या कॉपीवर विश्वास नाही. मी त्यांना माहितीपत्रक दिलं. त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी सिस्टिमवाल्यांच्या इंजिनिअरला फोनवर घेतलं. आपला डेटा दोन वेगवेगळ्या शहरांत कसा ठेवलाय ते त्याने इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत. मी सांगितलेलं जास्त अवघड होतं. नाखवा म्हणाले, बराबर हाय, पन आयतवाराचं काय. शेवटी मी सुरक्षिततेचं एक सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

म्हातारी बंद करायची तर कागदावर नाखवांची सही हवी होती आणि ती काही होईना. तोवर दोन्ही सिस्टिम चालू, म्हणजे प्रत्येक बिल दोनदा चढवायचं. अख्खा विभाग माझ्या नावाने खडे फोडू लागला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी ट्रेनिंगमध्ये शिकलेलं वाक्य टाकलं, की सीनियर लोकांचा बदलाला रेझिस्टन्स असतो. शेठना ते फारच पटलं.

"म्हाताऱ्याला म्हातारी सोडवत नसेल तर दोघांना एकदमच निरोप देऊ," ते म्हणाले. "महिनाअखेर शाल-नारळ देऊन मोकळे करा. आणि त्यांना तुम्हीच सांगा, तुमचं जमतं."

आमचं किती जमत होतं ते मला आणि त्या चहाच्या कपाला ठाऊक होतं. पण एका शहाण्या वाक्याने मी एका माणसाची खुर्ची काढली होती. चारचौघांत सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी रविवारी ऑफिस गाठलं.

गेटवर आमचे साताऱ्याकडचे वॉचमन जाधव होते. सायब आत हायत, म्हणाले. कॉपीचं काम अर्ध्या तासात उरकतं, पण साहेब संध्याकाळपर्यंत बसतात, हेही त्यांनीच सांगितलं. काय करतात, असं मी विचारलं. बसतात, जाधव म्हणाले.

आत नाखवा इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या टेबलांमध्ये एकटेच बसले होते. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मला आल्या पावली पळून जावंसं वाटलं. डबा मोठा होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण, स्वतः केलेलं. जाधवांचा वाटा आधीच बाजूला काढलेला होता, आता त्यांनी माझाही काढला. शाल-नारळाचा विषय टाळायला मी विचारलं, की काम संपल्यावर घरी का जात नाही?

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"माझी बायको, यशोदा, गेली तवापासून सोमवार ते शनिवार कसाही जातो," ते म्हणाले. "पोरगा दुबईला. फोन करतो, नाय असं नाय. पन आयतवार घरात सरत नाय, निकम."

मला माझी फार लाज वाटली. माणूस विचारत होता की दिवसभर मी कुठे बसू, आणि मी त्याला सर्व्हर कुठे बसवलाय ते समजावत होतो. त्याच्यावर उगवता सूर्यही टाकला होता. शाल-नारळाचं तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "नाखवा, पुढच्या रविवारी आमच्याकडे या. कोपरखैरण्याला."

"काम काय हाय?"

"काही नाही. या, जेवा, बसा."

ते बराच वेळ डब्याची झाकणं लावत राहिले. मग त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि कागद मागितला. तो माझ्या त्या ट्रेनिंगच्या बॅगेतच होता. त्यांनी सही केली. सोमवारी मी शेठना सांगितलं की नाखवांशिवाय नवी सिस्टिम चालवता येणार नाही, मला तर नाहीच. हे दुसरं शंभर टक्के खरं होतं, म्हणून पटलं. शाल आणून झाली होती, ती शेठनी मलाच दिली.

पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आमची बेल वाजली. मी अंथरुणात होतो. बायकोने दार उघडलं तर समोर इस्त्रीचा शर्ट आणि हातात पापलेटांची पिशवी. पापलेटं नाखवांनीच साफ केली, आमच्या ओट्यावर, बायकोला कशी कापायची ते शिकवत. जेवण झालं, चहा झाला, कोणीच काही महत्त्वाचं बोललं नाही. संध्याकाळी ते निघाले. दारात चप्पल घालताना खाली बघूनच त्यांनी बायकोला विचारलं, "बाय, पुढल्या आयतवारी आलो तं चालंल ना?"

"विचारता काय काका, या की," ती म्हणाली. "फक्त नऊला नको, जरा उशिरा."

बरं, म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. लिफ्ट आली, उघडली, बंद होऊन खाली निघूनही गेली. नाखवा दारातच उभे होते.