पोहरकर काकांची झोपलेली मंडळी

“स्वतःच्या बायकोचा फोटो घेऊन लोकांकडे जातात आणि विचारतात, ही कोण? आता काय राहिलं?” मंडळाचे सेक्रेटरी दिलीपभैया खिडकीबाहेर कुणाला तरी सांगत होते. “रविवारी चाबी घेऊन टाकू त्यांच्याकडून.”

आत मी स्कॅनरचं झाकण तसंच धरून उभी राहिले.

चाबी आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळातल्या मागच्या खोलीची. तिथे गणपतीचे, नाटकांचे, हळदीकुंकवाचे जुने फोटो आहेत आणि ते सांभाळणारे पोहरकर काका. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून ते रोज इथेच असतात. मी फक्त स्कॅनिंगला येते. शाळा इंग्रजी मीडियमची. मराठी समजते, पण बोलताना अडखळते, म्हणून गप्प असते. काकांना हे फार सोयीचं वाटतं.

मी पंखा लावला आणि फोटो फडफडले की ते म्हणतात, “काहून उठवून राहिली त्यांना? मंडळी झोपली आहे.” फोटोला हात लावण्याआधी हात धुवायचे, आणि पुसायचे नाहीत, हवेत वाळवायचे. मंडळाच्या अध्यक्षांनाही त्यांनी एकदा दारात दोन्ही हात वर करून उभं ठेवलं होतं.

हिवाळ्यात दुपारी ते सगळे फोटो व्हरांड्याच्या सावलीत, एका विरलेल्या धोतराखाली पसरतात. वारा आला की धोतर हलकेच वर येतं, खाली बसतं. बघता बघता माझेही डोळे जड होतात.

फोटोमागे नाव लिहायचं ते पेन्सिलने, आणि तेही कुणा जुन्या माणसाने ओळखल्यावरच. त्यासाठी काका घरोघरी जातात. एकदा दोन बहिणींनी एकाच देखण्या मुलीवर बोट ठेवून “ही मी” म्हटलं. काकांनी दोघींचीही नावं लिहिली. “भांडण पण रेकॉर्डच असते, बेटा.”

भैयांचं ते बोलणं ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी काका मला शहपुऱ्याला एका आजींकडे घेऊन गेले. हळदीकुंकवाचा फोटो पुढे करून त्यांनी विचारलं, “ही डावीकडची कोण?”

“अहो, ही तुमची कुमुद,” आजी म्हणाल्या. “माझ्याकडे पुरण वाटायला यायची, अर्धं खाऊन टाकायची, आणि वरून म्हणायची, डाळच कमी भरली.”

काका डोळे मिटून ऐकत होते. फोटोमागे मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही.

परतताना बसमध्ये मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा तेच म्हणाले, “कुमुद गेली, तिच्या माझ्याजवळच्या गोष्टी मला पाठ झाल्या. लोकांजवळ नव्या निघतात. नाव लिहून टाकलं, तर मग विचारायचं काय?” खिडकीबाहेर मटाराची हिरवी शेतं मागे सरकत होती. मग ते स्वतःशीच बोलले, “पुरणाचं मला माहीतच नव्हतं.”

रविवारी दिलीपभैया आले. काकांनी त्यांच्याही पुढे तोच फोटो धरला. “ही डावीकडची कोण, दिलीप?”

भैयांनी माझ्याकडे पाहिलं. बघितलंस ना, अशा अर्थाने. मग अगदी प्रेमाने म्हणाले, “काका, चाबी द्या. खूप केलं तुम्ही. आता आराम करा.”

काकांनी खिशातून चाबी काढली, पण मूठ काही उघडेना.

माझ्या घशाशी हिंदी, इंग्रजी, मराठी सगळं एकदम आलं.

“चाबी काकांकडेच राहू द्या, भैया,” मी म्हणाले. “ह्या काकूंना मी कधी पाहिलं नाही. मला त्यांच्या गोष्टी कोण सांगेल?”