पाणथळीत गेलेल्या शिव्या

गोठ्यामागच्या पाणथळीतून चालत गेल्यामुळे आमच्या ह्यांच्या सगळ्या शिव्या गेल्या.

पाणथळ म्हणजे खडी घातलेलं लांबडं तळं, त्यात लव्हाळ्यासारखं उंच पाणकणीस लावलेलं. गोठा धुतलेलं पाणी एका टोकाला शिरतं, दुसऱ्या टोकाला स्वच्छ होऊन गवताला जातं. सकाळी हे शेणाच्या टोकाला घसरले आणि चिडून तसेच पाण्यातून तरातरा पलीकडे निघाले. बाहेर येऊन म्हणाले, "सुलोचना, जरा टॉवेल देतेस का?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी शिवी घातल्याशिवाय टॉवेल मागितला नव्हता.

मला काय, मी सुखात राहिले असते. पण आमची हौशी म्हैस अडून बसली. "टवळे, सटवे, भवाने" असं ह्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडतच नाही. त्या दिवशी हे म्हणाले, "हौशाबाई, बसू का?" तिनं सरळ लाथ घातली. संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली. तिचे डोळे बघवेनात, मला रडूच फुटलं.

पाणथळ बांधून देणाऱ्या खरोटे मॅडमना बोलावलं. त्यांनी पलीकडच्या टोकाचं पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरलं.

"यंत्रणा उत्तम चाललीये," त्या म्हणाल्या. "जड घाण खडीत बसते. थोडी मुळांवरचे जिवाणू खातात. उरलेलं पाणकणीस शोषून घेतं."

"अहो, पण ह्यांच्या शिव्या?"

"खडीतल्या आता निघायच्या नाहीत, वहिनी. हलक्या असतील त्या पानांत मिळतील. वाढलेलं पाणकणीस तसंही कापावंच लागतं."

"ह्यांना भाजी करून घालू?"

"छे छे! ऐकायच्या म्हशीला आहेत ना? मग म्हशीलाच घाला."

म्हणणं पटण्यासारखं होतं. ह्यांनी कोवळी पानं कापून हौशीपुढं टाकली. तिनं ती सावकाश चघळली, रवंथ केलं आणि मान वळवून ह्यांच्याकडं बघितलं.

"अरं मुडद्या, हात किती गार हायत तुझं! चोळ की जरा!"

"चुकलं, हौशाबाई," हे म्हणाले आणि त्यांनी हात चोळले. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात हौशी माझ्याकडं वळली. "आणि तू गं टवळे, तोंड बघत काय हुबी ऱ्हायलीस? बादली धर!"

मी पळत जाऊन बादली धरली.