पार्श्वगोंगाटाचे निर्मूलन

आवाज नाशवंत असतो आणि तो संगणकात घातला की अमर होतो, यावर आता घरोघरी एकमत आहे. आमच्याकडे या कामावर जावयांची नेमणूक झाली. (अर्ज एकच आला होता. तोही मुलीने त्यांच्या वतीने भरला होता.)

आमचे हे निरोपाच्या भाषणांत वाकबगार. कचेरीत कोणी निवृत्त होणार असलं की आधी घरी टेपरेकॉर्डरसमोर सराव. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मागे आवाज उरला तो तेवीस कॅसेटींत. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात जायला नव्वद मिनिटंच लागतात. तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचं नाही, असा नियम झाला. (वायर थेट संगणकाला जोडलेली असल्याने शिंकून काही बिघडत नाही, हे एकोणिसाव्या कॅसेटीला कळलं. नियम मात्र कायम ठेवला.)

मग शुद्धीकरण. संगणकाला गोंगाटाचा एक नमुना ऐकवायचा, की तसला सगळा गोंगाट तो वेचून काढतो. जावयांनी नमुना निवडला आणि रविवारी सगळ्यांना बसवून पहिलं भाषण लावलं.

"आपले हेडक्लार्क म्हणजे कचेरीचा कणा," हे खणखणीत म्हणाले. मग दीर्घ शांतता. "हो, हो, बंद करतो." पुन्हा शांतता. "मी नाही घेतली. तिथेच असेल, बघ." आणि मग, "असा कणा पुन्हा होणे नाही."

व्याह्यांनी डोळे पुसले. "काय ते मधे मधे थांबणं! वक्ता असावा तर असा."

"ते थांबले नव्हते, मी बोलत होते," मी म्हटलं. "दूध उतू चाललं होतं आणि सांडशी सापडत नव्हती. जावईबापू, मी कुठे गेले?"

"नमुना तुमचाच घेतला ना, आई," जावई आदराने म्हणाले. "सगळ्या कॅसेटींत इतकं सातत्य दुसऱ्या कशातच नव्हतं."

एकूण सहाशे बारा 'अहो' काढण्यात आले. शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेले दोन टक्के म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा. (तो ठेवला. त्याने भाषणाला जिवंतपणा येतो.)

मूळ कॅसेटींची पिशवी मुलीने दाराशी नेऊन ठेवली होती. चाळीस वर्षांपूर्वीचा माझा आवाज जगात तेवढ्या एकाच पिशवीत होता, आणि भंगारवाला जिना चढत होता. मी जाऊन पिशवीवर बसले.

"आई, ऊठ बघू. पसारा नको गं आता."

"तुझे बाबा उत्तरं कुणाला देत होते, ते यात आहे."

"अगं, मोडतील त्या!"

"मग हळू बसते."

भंगारवाल्याने आम्हा दोघींकडे नीट पाहिलं. "ताई," त्याने मुलीला विचारलं, "यातलं नक्की काय न्यायचंय?"

मुलीने उत्तर द्यायला जरा वेळच लावला. पण पिशवी राहिली.

तुमच्याकडेही कॅसेटी असतीलच. अवश्य शुद्ध करून घ्या, पद्धत निर्दोष आहे. फक्त नमुन्याला कोणाचा आवाज द्यायचा, हे आधी जेवताना सहज विचारून बघा. सगळे तुमच्याकडेच पाहायला लागले, तर इकडे या. सरकून बसलं तर पिशवीवर अजून एकाची जागा होते.