तूर्तास झाका

शहरातल्या निवासी इमारतींच्या लिफ्ट सुरळीत चालाव्यात म्हणून जो विभाग नेमलेला होता, त्याच्या कार्यालयातला जुना फळा एका सकाळी काढण्यात आला आणि त्या जागी भला मोठा पडदा बसवण्यात आला. फळ्यावर खडूने तक्रारी लिहीत असत आणि काम झालं की पुसत असत. या पद्धतीत एक गंभीर दोष होता. काम झाल्याशिवाय तक्रार पुसायची सोय नव्हती, आणि साहेबांकडे येणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला ती खुर्चीत बसल्या बसल्या वाचता येत असे.

नव्या पडद्यावर प्रत्येक तक्रारीशेजारी एक छोटंसं बटण होतं: ‘तूर्तास झाका’. ते दाबायचं, एखादी तारीख द्यायची, की त्या तारखेपर्यंत तक्रार दिसेनाशी. सगळ्या तक्रारी झाकल्या की पडद्यावर हसरा सूर्य उगवायचा आणि खाली अक्षरं यायची: ‘शाब्बास! आज एकही काम उरलेलं नाही.’

हे सगळं समजावून द्यायला बाहेरून एक प्रशिक्षक आला होता. त्याचे बूट इतके चकचकीत होते की शिपाई त्यांच्याकडेच बघत बसला.

“काम समोर दिसलं की माणसाला ताण येतो,” प्रशिक्षक म्हणाला. “ताण आला की काम होत नाही. म्हणजे काम व्हायला हवं असेल, तर ते दिसता कामा नये.”

मेकॅनिकने हात वर केला. “पण दिसलंच नाही, तर करायचं कसं?”

“फार छान प्रश्न,” प्रशिक्षक म्हणाला आणि त्याने तो प्रश्न नोंदवून सोमवारपर्यंत झाकला.

विभागाचा सहायक अभियंता हा खरं तर कामाचा माणूस. फळ्याच्या काळात तो स्वतः गच्चीवरच्या यंत्रखोलीत चढायचा आणि कोपरापर्यंत वंगण माखून खाली यायचा. पण सूर्य उगवण्यात काय मजा असते, ते त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. चहा यायच्या आत त्याने स्वतःच्या वाट्याच्या सगळ्या तक्रारी झाकल्या. साहेब खोलीतून बाहेर आले, पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “याला म्हणतात तत्परता!” झालं. त्या दिवसापासून सगळे त्याला तत्परराव म्हणू लागले. मान वाढला, तसे आपणही त्यांना अहो-जाहो करू.

त्या दिवशी तत्पररावांनी ज्या तक्रारी झाकल्या, त्यांतली एक त्यांच्या वडिलांची होती.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत आठव्या मजल्यावर एकटे राहत. त्या इमारतीची लिफ्ट बाहेरून बघायला झकास होती, पण मध्येच दोन मजल्यांच्या बेचक्यात थांबायची आणि अदबीने दार उघडून समोरची वीटभिंत दाखवायची. रहिवाशांनी तिचा नाद सोडून जिन्याची वाट धरली होती. बाबांचे गुडघे जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरायचे. तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान होतं. रोज सकाळी तिथल्या बाकावर बसायचं, पेपर वाचायचा आणि दोन म्हाताऱ्या मित्रांशी कडाडून भांडायचं, हा त्यांचा दिवसभराचा खुराक. तो बंद पडला.

“अरे, लिफ्टचं काय झालं?” बाबा फोनवर विचारायचे.

“घेतलंय बाबा हातात.”

“हातात घेतलंयस ते दिसतंय रे, पण करणार कधी? माझे केस कानांवर आलेत.”

“सोमवारी बघू.”

आता कोणी म्हणेल, पोटचा पोरगा, तोही लिफ्ट विभागात, मग अडलं कुठे? अडलं नियमात. दुरुस्ती सुरू केली की तक्रारीवर ‘काम चालू’ अशी पिवळी पट्टी यायची, आणि पिवळी पट्टी झाकता येत नसे. म्हणजे ती लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत अख्ख्या विभागाचा सूर्य बुडालेला! एका म्हाताऱ्याच्या केसांपायी एवढ्या लोकांनी अंधारात बसावं, हे तत्पररावांच्या मनाला पटेना. विभागात कोणाच्याच मनाला कोणतीच पिवळी पट्टी पटत नव्हती.

सगळे जण तक्रारी सोमवारपर्यंत झाकत, त्यामुळे सोमवारी सकाळी पडदा उघडला की सगळ्या एकदम अंगावर यायच्या. मग सोमवारी लवकर यावं लागे. आठवडाभर कधी नव्हे तो विभाग घाम गाळून काम करताना दिसे, आणि दुपारपर्यंत सगळ्या तक्रारी पुढच्या सोमवारपर्यंत झाकून होत. या वाढीव कामाचा वेगळा भत्ता मंजूर झाला. मेकॅनिक मंडळींना एरवी करायला काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांचं झाकण-पथक करण्यात आलं. मेकॅनिक खूश. हातोडी उचलण्यापेक्षा बटण दाबणं केव्हाही हलकं.

मग एका बारीक नजरेच्या वरिष्ठाने शंका काढली की झाकण्याला कारण नको का? कारण लिहायचं ठरलं. कारण योग्य आहे की नाही, हे तपासायला समिती आली. समितीपुढे तपासणीची कामं साचली, तीही पडद्यावर दिसू लागली, आणि समितीने आपल्या पहिल्याच बैठकीत ती झाकली. कारण लिहिलं, ‘समितीची बैठक चालू असल्यामुळे’. घ्या!

फोनवर तक्रार करणाऱ्यांना आता खरं ते उत्तर मिळू लागलं: “तुमची तक्रार आम्हाला दिसत नाही.” त्यावर काही लोक तिरीमिरीत कार्यालयात येऊन थडकायचे. ही मोठीच अडचण झाली, कारण माणूस काही बटणाने झाकता येत नाही. तत्पररावांनी परिपत्रक काढलं: प्रत्यक्ष आलेल्या तक्रारदारास मागच्या खोलीत बसवावे व दाराला पडदा लावावा, कार्यालयीन वेळ संपत आल्यावर आलेली तक्रार, तक्रारदार कोणीही असला तरी, न वाचता झाकावी. खाली त्यांची ठसठशीत सही.

मागच्या खोलीत गर्दी वाढत गेली. तिथे लोकांनी आपसांत खिडकीजवळच्या जागेच्या पाळ्या लावून घेतल्या. चौथ्या मजल्यावरची एक शिक्षिका आणि अकराव्या मजल्यावरचा एक तबलजी यांचं तिथेच जुळलं, लग्नही ठरलं. साहेबांनी वार्षिक अहवालात ‘नागरिकांशी दृढ झालेले संबंध’ या सदराखाली त्याची नोंद घेतली.

इकडे बाबांचे केस मानेवर आले, मग खांद्यावर आले. तत्पररावांच्या बायकोने एकदा जेवताना विषय काढलाच.

“अहो, लिफ्ट राहू दे. तुमचे गुडघे तर धड आहेत ना? जिना चढून जा आणि भेटून या एकदा.”

“जायचंच आहे गं. टाकून ठेवलंय ना,” असं म्हणून तत्पररावांनी फोन पुढे केला. घरच्या कामांसाठीही त्यांनी तेच सॉफ्टवेअर घेतलं होतं. ‘बाबांना भेटणे’ हे काम त्यात खरंच होतं. म्हणजे होतं असं तत्पररावांचं म्हणणं. बायकोला दिसला तो सूर्य.

“बाबांचा फोन आला होता,” बायको भाजी वाढता वाढता म्हणाली. “शेजारची शाळकरी पोरगी येऊन त्यांच्या दोन वेण्या घालून जाते म्हणे. हसत होते सांगताना. मग म्हणाले, त्याला म्हणावं लिफ्ट नाही केलीस तरी चालेल, तू ये.”

तत्पररावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांना वाईट वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून जावं असंही वाटलं. पण त्याच आठवड्यात ‘मुख्य झाकण अधिकारी’ या नव्या पदासाठी पाहणी होती. त्यांनी ते वाईट वाटणं पाहणीनंतरच्या तारखेवर ढकललं.

पाहणीच्या दिवशी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे कडक इस्त्रीत उभे. वरिष्ठ मंडळी आत आली, पडदा उघडला, सूर्य अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. एक तक्रार शिल्लक होती. आठवा मजला, लिफ्ट, अर्जदार ज्येष्ठ नागरिक. इतक्या वेळा झाकली गेल्यामुळे तिच्यासाठी आता तारीखच मिळेना. पुढचे सगळे सोमवार भरले होते.

साहेबांचा चेहरा पडला. “तत्परराव,” ते दातांवर दात ठेवून म्हणाले, “बघताय काय?”

तत्पररावांनी बटणाखालचा एक बारीक पर्याय शोधला. तो आजवर कोणी वापरला नव्हता. ‘तारीख न देता झाका.’ बोट क्षणभर घुटमळलं. मग त्यांनी तो निवडला. सूर्य पूर्ण वर आला. टाळ्या पडल्या. दुपारीच नेमणुकीचा कागद हातात आला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि ही बातमी त्यांना आपल्या तोंडाने सांगायची असं ठरवून तत्परराव केकचा खोका घेऊन लगेच निघाले. चला, उशिरा का होईना!

इमारतीत शिरले, तर न्हाव्याच्या दुकानासमोरच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. त्यांनी तत्पररावांकडे पाहिलं आणि मग पेपरात डोकं घातलं.

लिफ्ट उभीच होती. आत दिवा, दार उघडं, आरसा पुसलेला. तत्परराव जिन्याकडे वळले, थांबले, केकच्या खोक्याकडे पाहिलं आणि आठ मजले मोजले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि या लिफ्टची नोंद उघडली. ‘या लिफ्टविषयी एकही तक्रार नाही.’

त्यांचा जीव भांड्यात पडला. तक्रार कोणी झाकली होती, ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण पडद्यावर जे नाही ते नाहीच, ही सवय आता हाडीमाशी खिळली होती. आपल्याच विभागाच्या माहितीवर आपणच विश्वास ठेवायचा नाही, तर कोणी ठेवायचा? ते आत शिरले.

“अहो...” बाकावरचा एक म्हातारा उठत म्हणाला, पण दार लागलं.

लिफ्ट छान वर गेली. सातव्या मजल्यानंतर तिने एक उसासा टाकला, थांबली आणि अदबीने दार उघडलं. समोर वीटभिंत.

तत्पररावांनी धोक्याची घंटा दाबली. तिने थेट त्यांच्याच कार्यालयातला फोन वाजायचा. फोन मेकॅनिकने उचलला.

“अरे, मी बोलतोय! तत्परराव! लिफ्टमध्ये अडकलोय!”

“अरे बापरे, साहेब तुम्ही? थांबा, नोंद करतो.” खटखट आवाज आला. “झाली नोंद. आणि झाकली.”

“झाकली? अरे झाकली काय, मूर्खा! माणूस पाठव!”

“साहेब, ऑफिस सुटत आलंय. तुमच्याच सहीचं परिपत्रक आहे, तक्रारदार कोणीही असला तरी. शिवाय बघा ना,” मेकॅनिकचा आवाज अगदी मायेचा झाला, “पिवळी पट्टी आली, तर उद्या तुमच्या सत्काराला सूर्य नाही उगवणार. बरं दिसतं का ते?”

फोन बंद झाला. वर, अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखं, एक दार करकरलं. सपाता फरफटत लिफ्टच्या तोंडाशी आल्या.

“कोण अडकलंय रे?”

“बाबा, मी!”

मग स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि लिफ्टच्या छताच्या जाळीतून दोन पांढऱ्या वेण्या खाली लोंबल्या.

“आलास होय,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट तो आनंदाने कापत होता. “आता बस निवांत. आज तुला कामाला पळता यायचं नाही. बोल, पोरं कशी आहेत?”

“बाबा, आधी कोणाला तरी बोलवा! मला बाहेर काढा!”

“काढू रे, काढू,” पोरगा लहान असताना समजावायचे, तसं समजावत बाबा म्हणाले. “सोमवारी बघू.”

तत्पररावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. पडद्यावर सूर्य हसत होता. आज एकही काम उरलेलं नाही.

गोष्ट इथे संपली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. वाचताना मध्येच तुमचा फोन वाजला होता, घरचंच कोणीतरी होतं, आणि तुम्ही ‘नंतर करू’ म्हणून तो उलटा ठेवलात, ते मी पाहिलेलं नाही. त्यामुळे तुमच्याविषयी माझ्याकडे एकही तक्रार नाही. या ना मग, आत या. दार उघडं आहे, दिवा चालू आहे आणि आरसाही आत्ताच पुसलाय.