दोनशे सोळा अवजारं आणि एक सैल नट

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि त्याच्या दारात मोटार उभी असायची. हसू नका. फार पूर्वी एक शिकारी साहेब त्या मोटारीतून वाघ मारायला आला होता. वाघ दिसल्यावर तो पायीच घरी गेला. मोटार राहिली. वाघाला ती नको होती, हरणांना शिंगांमुळे तिच्यात बसता येईना, म्हणून फिरत फिरत ती अस्वलाकडे आली.

अस्वलाचं नाव मल्हारी. त्याच्या बायकोचं नाव चंद्राक्का. मोटार चंद्राक्काच चालवायची, कारण मल्हारीनं पाऊल ठेवलं की तिन्ही पेडलं एकदम दाबली जायची. तो शेजारी बसून रस्ता दाखवायचा. जंगलात रस्ता एकच होता, तरी तो दाखवायचा.

चंद्राक्काचं माहेर घाटापलीकडच्या जंगलात होतं. तिथं तिची म्हातारी आई असायची. दर दसऱ्याला लेकीनं यावं आणि आपट्याची पानं, म्हणजे सोनं, आईच्या हातात द्यावं, असा त्यांच्याकडे रिवाज. पण तीन वर्षं चंद्राक्काला जाता आलं नव्हतं. एका वर्षी ओढ्याला पूर आला. एका वर्षी मल्हारीला मध बाधला. एका वर्षी ज्या माश्यांचा मध बाधला होता, त्या माश्याच बाधल्या.

श्रावणात बगळा आईचा निरोप घेऊन आला. "डोळ्यांना आता धूसर दिसतं. यंदाचं सोनं तुझ्या हातून घ्यायचंय. दिसतंय तोवर येऊन जा, बाई."

चंद्राक्का तडक मोटारीजवळ गेली आणि तिनं किल्ली फिरवली. मोटार 'खट्' म्हणाली आणि गप्प बसली.

शेजारच्या दगडावर येसूमावशी घोरपड ऊन खात पडली होती. जंगलातली मोडतोड दुरुस्त करणारी ती एकटीच. तिनं बॉनेटमध्ये मान घातली आणि लगेच बाहेर काढली.

"बॅटरीचा नट सैल झालाय. दहा नंबरचा पाना दे रे मल्हारी, आवळून टाकते."

मल्हारीनं गुहेत जाऊन पाहिलं. पाना नव्हता. पळी होती, उलथनं होतं, मधाच्या पोळ्यात घालायची काठी होती.

"असू दे," मावशी म्हणाली. "माझा आणते. फडक्यात गुंडाळलेला आहे. एक पाना, एक पकड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. दोन मिनिटांचं काम."

आता बाळांनो, शहाण्या अस्वलानं इथं काय म्हटलं असतं? "आण मावशी." बरोबर. पण शहाण्या अस्वलाची गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही माझ्यावर रुसला असता.

मल्हारीच्या मनाला ते फार लागलं. दारात मोटार आणि घरात पाना नाही! उद्या लोक काय म्हणतील? "मावशी, राहू दे," तो म्हणाला. "माझी मोटार मी माझ्या पान्यानं दुरुस्त करीन." मग तो चंद्राक्काकडे वळला आणि छातीवर पंजा ठेवून म्हणाला, "दसऱ्याला तू माहेरी असशील. माझा शब्द आहे."

चंद्राक्काला नवऱ्याचा शब्द खरा वाटला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी वाटला. बायकांचं मन असंच मोठं असतं.

पाना कुठला घ्यावा हे विचारायला मल्हारी गेला ज्ञानू पोपटाकडे. ज्ञानूनं जन्मात कधी नट फिरवला नव्हता, पण वडाच्या फांदीवर बसून तो रोज सकाळी अवजारांवर व्याख्यान द्यायचा. खाली सगळं जंगल माना वर करून ऐकायचं.

"दोस्तहो!" ज्ञानू म्हणायचा. "ज्याच्याकडे संच नाही, तो मोटारवाला नाही!"

"मला फक्त एक पाना हवाय," मल्हारी म्हणाला. "दहा नंबरचा."

ज्ञानूनं एक डोळा मिटला. "आज दहा नंबरचा नट सैल झाला. उद्या बारा नंबरचा झाला तर?"

मल्हारीला घाम फुटला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परवा चौदा नंबरचा? आणि तेरवा स्क्रूच निघाला तर? नवशिक्यानं सुरुवात करावी ती छोटीशी. दोनशे सोळा अवजारांपासून."

"छोटीशी?"

"मोठी केली तर चारशे."

मल्हारीनं विचार केला, दोनशे सोळा म्हणजे आपण काटकसरच केली म्हणायची. तो खुशीत घरी आला.

अवजारं शहरातून कावळे आणू लागले. कशी आणत हे कुणी विचारलं नाही, आपणही विचारू नये. प्रत्येक अवजारामागे मधाचं एक पोळं कावळ्यांना आणि अर्धं पोळं ज्ञानूला. रिंग पाने आले, गोटी पाने आले, तीन तऱ्हेच्या पकडी आल्या, हातोड्या पाच आल्या. एक दिवस लांब दांड्याचा पाना आला. तो टॉर्क पाना. नट किती घट्ट आवळायचा, हे तो 'कट्' असा आवाज करून सांगतो.

"आजवर काय नट पंचांना विचारून आवळत होते?" चंद्राक्कानं विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही," मल्हारी म्हणाला. त्यालाही कळत नव्हतं, पण आता त्याच्याकडे पाना होता.

मग ही अवजारं ठेवायची कुठं हा प्रश्न आला. ज्ञानूनं सांगितलं, भिंतीवर. मल्हारीनं गुहेची एक भिंत शेणानं सारवली आणि प्रत्येक अवजाराची आकृती गेरूनं काढली. ज्या आकृतीवर जे अवजार, तिथं तेच. तीन आठवडे या कामात गेले. मोटार दारात तशीच उभी. तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला आणि त्याला फुलंही आली.

एका दुपारी चंद्राक्कानं कवठ फोडायला भिंतीवरची सगळ्यात लहान हातोडी घेतली. मल्हारी घरी आला आणि त्याला भिंतीवर हातोडीची नुसतीच आकृती दिसली. तो मटकन खाली बसला.

"चोरी!" तो ओरडला.

"कवठ," चंद्राक्का आतून म्हणाली.

"अगं, ती वापरायची हातोडी आहे का?"

चंद्राक्का हातात फुटलेलं कवठ घेऊन बाहेर आली. मग तिनं हातोडी धुतली, पुसली आणि आकृतीवर टांगली. त्या रात्रीच्या जेवणात कवठाची चटणी होती. मल्हारीनं ती खाल्ली नाही.

भाद्रपद संपला. दोनशे पंधरा अवजारं भिंतीवर चढली. एकच आकृती रिकामी होती. कुठली? बरोबर ओळखलंत. कावळे म्हणाले, "शहरात सगळं मिळतं, पण दहा नंबरचा पाना कुणाच्याच पेटीत नसतो. सगळे तोच शोधत असतात."

"मग माझ्या पान्यानं आवळू का रे?" येसूमावशीनं पुन्हा विचारलं. "दोन मिनिटं."

मल्हारीच्या मनात क्षणभर आलं, हो म्हणावं. चंद्राक्का हल्ली रोज घाटाच्या दिशेनं तोंड करून धान्य निवडायची, हे त्यानं पाहिलं होतं. पण ज्ञानूनं बजावलं होतं, अपुऱ्या संचाला हात लावला की संच बाटतो. आणि दुसऱ्याच्या पान्यानं आपला नट आवळला, हे वडाखाली कळलं तर?

"संच पुरा होऊ दे, मावशी," तो म्हणाला. "नवमीच्या आत होईल."

आणि खरंच झाला! खंडेनवमीच्या सकाळी एक कावळा चोचीत दहा नंबरचा पाना घेऊन उतरला. मल्हारीनं तो दोन्ही पंजांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्राक्काच्याही आलं. तिनं आपट्याची पानं फडक्यात बांधून तयारच ठेवली होती.

"आवळा लवकर," ती म्हणाली. "दुपारी निघालं तर उजेडात घाट उतरता येईल. उद्या दसरा."

"आवळतो की," मल्हारी म्हणाला. "आधी पूजा."

तुम्हाला ठाऊकच आहे, खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. सगळं जंगल सकाळपासून मल्हारीच्या अंगणात लोटलं होतं. दोनशे सोळा अवजारं लाल कापडावर मांडली गेली. प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. पाठीवरच्या अर्ध्या काट्यांना उदबत्त्या खोचून साळिंदर मधोमध बसला. वाघमहाराज स्वतः आले आणि टॉर्क पान्याला नमस्कार करून म्हणाले, "वा! आमच्या राज्यात एवढी अवजारं आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं." ज्ञानूनं भाषण केलं. मल्हारीच्या गळ्यात हार पडला. इतकं सुख त्याला मधानंही कधी दिलं नव्हतं. मोटारीकडे कुणी पाहिलं नाही. ती भोपळ्याच्या वेलाखाली होती.

आरती झाली. ऊन डोक्यावर आलं. चंद्राक्का पुढे आली.

"आता तो पाना घ्या."

मल्हारीनं पान्याकडे हात नेला आणि एकदम मागे घेतला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "पूजेला लावलेलं अवजार आज हलवत नाहीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं. पूजेला बसलेल्या अवजाराला उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे लहान पिल्लालाही ठाऊक होतं.

"उद्या संध्याकाळी आवळतो," मल्हारी म्हणाला. "एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे."

"उद्या संध्याकाळी दसरा संपलेला असेल," चंद्राक्का म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर मल्हारीला समजूत घालता आली असती. ती सरळ येसूमावशीच्या दगडापाशी गेली.

"मावशी, तुमचा पाना?"

"तोही पूजेलाच लावलाय गं. तीनच आहेत, पण लावलीत."

"मग?"

मावशी उठली. मोटारीवरचा वेल तिनं बाजूला केला, बॉनेट उघडलं आणि नटावर पंजा ठेवला. घोरपडीनं एकदा धरलं की दगड सुटतो, नखं सुटत नाहीत. तिनं डोळे मिटून एक पीळ दिला. दुसरा दिला.

"घाटापुरतं टिकेल," ती म्हणाली. "पलीकडे कुणाच्या तरी पान्यानं नीट आवळून घे."

चंद्राक्कानं किल्ली फिरवली. मोटारीनं दोनदा खोकून भोपळ्याची फुलं झटकली आणि ती चालू झाली. सगळं जंगल दचकलं. मोटारीला आवाज असतो, हे सगळे विसरूनच गेले होते.

"चला," चंद्राक्का नवऱ्याला म्हणाली. शेजारचं दार तिनं उघडंच धरलं होतं.

मल्हारीला जायचं होतं, बाळांनो. अगदी मनापासून जायचं होतं. त्यानं एक पाऊल टाकलंही. पण मागे कापडावर दोनशे सोळा अवजारं होती, त्यांच्यापुढे समई जळत होती, आणि दर्शनाची रांग पार ओढ्यापर्यंत गेली होती.

"दिवा लावलाय गं," तो म्हणाला. "दिव्यापाशी कुणीतरी हवं ना."

"मग बसा दिव्यापाशी," चंद्राक्का म्हणाली. तिनं दार ओढून घेतलं. येसूमावशी मागच्या सीटवर चढून बसली आणि मोटार घाटाच्या रस्त्याला लागली. रस्ता दाखवायला कुणी नव्हतं, तरी ती चुकली नाही.

तेवढ्यात एका सशानं विचारलं, "काका, हा कट् वाजणारा पाना कुठला हो?" आणि मल्हारी सांगायला बसला.

पंधरा दिवसांनी बगळा पुन्हा आला.

"चंद्राक्काबाईंनी सांगितलंय," तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "आईच्या हातात सोनं दिलं. आईनं चाचपून पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. जावई कुठे आहेत विचारलं, तर सांगितलं, पूजेला बसलेत. इथल्या एका रानडुकरानं नट आवळून दिला. त्याच्याकडे एकच पाना आहे. आई रोज मोटारीत बसून नदीवर जाते. तेव्हा मोटार आता इकडेच राहील. मीही राहीन. किती दिवस, ते ठरवलेलं नाही. तुम्हाला यायचं असेल तर पायवाट आहे."

मल्हारीनं निरोप ऐकला. तो दारात आला. मोटार उभी असायची ती जागा मोकळी होती. चार चाकांखालचं गवत पिवळं पडलं होतं. त्याच्या नाकपुड्या थरथरल्या. बगळ्याला वाटलं, आता हा रडणार, किंवा निघणार.

मल्हारीनं मोठा सुस्कारा टाकला. मग त्यानं गुहेतून मोजायची टेप आणली आणि त्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी मोजली.

"ज्ञानूला म्हणावं," तो बगळ्याला म्हणाला, "जागा झाली. आता चारशेचा संच बघू."

तात्पर्य : पहिलीच अवजारपेटी घेत असाल, तर मुलांनो, हात आखडता घेऊ नका. ज्याच्याकडे एकच पाना असतो, त्याला ऊठसूट कुणीही कामाला बोलावतं. दोनशे सोळा अवजारं असली की काम कुणी सांगत नाही, वाघसुद्धा नमस्कार करतो, आणि घरात कवठ फोडायला हातोडी घेणारंही कुणी उरत नाही.